दक्षिणेकडची भिंत

‘पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत’ अशी पाटी पिरूच्या दुकानावर गेली तीस वर्षं लटकते आहे. पाच मिनिटांत फोटो मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की पिरू आधी नुसता त्याच्याकडे बघत राहतो. मग उठून दिवा चार बोटं सरकवतो, मागे येऊन बघतो, पुन्हा उठतो. ‘‘अहो पीरभाई, पासबुकाला चिकटवायचाय, भिंतीवर न्हाई टांगायचा,’’ म्हणून लोक करवादतात. पिरू म्हणतो, ‘‘थांबा जरा. तुमचं नाक कुठं गेलं ते बघतोय.’’ दिवा नीट लागला की नाक परत येतं आणि मगच तो बटण दाबतो.

पीरमहंमद दगडू शेख हे त्याचं पूर्ण नाव. कोपरगावच्या अलीकडे आमच्या साखर कारखान्याची वसाहत आहे, तिथे आम्ही दोघं वाढलो आणि पहिली ते अकरावी एका बाकावर बसलो. म्हणून गाव त्याला पीरभाई म्हणतं आणि मी पिरू म्हणतो. मी कारखान्याच्याच शाळेत मास्तर झालो आणि निवृत्त होऊन मोकळा झालो. हा सहासष्ट वर्षांचा झाला तरी शटर उघडायचं सोडत नाही.

दुकान पोटासाठी. जीव मात्र त्याचा भलतीकडेच. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे सिमेंटच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचे फोटो काढत तो हिंडतो. कुठलं जुनं एसटी स्टँड, कुठली पाण्याची टाकी, कुठलं बंद पडलेलं टॉकीज. जिथे मला नुसता कळकट चौकोन दिसायचा, तिथे त्याला बिनखांबाचा छज्जा दिसायचा. ‘‘कल्याण, अरे हा छज्जा बारा फूट बाहेर आलाय आणि खाली एक टेकू न्हाई. साठ वर्षं झाली, वाकला का बघ इंचभर?’’ मी म्हणायचो, ‘‘न्हाई बाबा वाकला, चल आता, ऊन लागतंय.’’ गावात लोक विचारायचे, पीरभाई, कुठल्या भिंतीचं लग्न जमवलंत? त्याला राग यायचा नाही. मला यायचा. किल्ला असला की हीच मंडळी दगडाला टेकून फोटो काढून घेतात, आणि स्वतःच्या बापानं घमेली वाहून उभं केलेलं काही असलं की त्याला पानाच्या पिचकाऱ्या.

हे वेड त्याला लागलं ते आमच्या वसाहतीतल्या कामगार सभागृहापायी. एकोणीसशे बासष्टचं बांधकाम. मुंबईचे एक आर्किटेक्ट साहेब येऊन आराखडा करून गेले होते. कागदी पंख्याला घड्या असतात तसं घड्याघड्यांचं छत, दारावर बिनखांबाचा छज्जा, उन्हाचे चौकोन आत सोडणारी सिमेंटची जाळी, हिरवट मोझॅकची फरशी, आणि बाहेरून कुठेही प्लास्टर नाही. काँक्रीट ओतलं, साचा काढला, तशीच भिंत उघडी ठेवली. तो साचा, म्हणजे ज्याला आपण सेंट्रिंग म्हणतो, तो ठोकला होता पिरूच्या वडिलांनी. दगडूभाई मिस्त्री.

साहेबांनी दगडूभाईंना सांगितलं होतं, फळ्यांना रंधा मारू नका. लाकडाच्या रेषा भिंतीवर उमटू द्या. बाकीचे मिस्त्री हसले. दगडूभाई हसले नाहीत. त्यांनी सहा-सहा इंच रुंदीच्या फळ्या एकेक पारखून, रेषेला रेष लावून आडव्या ठोकल्या आणि काँक्रीट ओतलं. साचा निघाला तेव्हा दक्षिणेकडच्या भिंतीवर अख्ख्या फळ्या उमटल्या होत्या. एका फळीला मोठी गाठ होती, बाजूनं गोल-गोल रेषा फिरलेल्या. ती गाठही उमटली, बरोबर छातीच्या उंचीवर. आम्ही पोरं शाळेतून येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचो. शेकडो हातांनी ती गुळगुळीत झाली होती.

काम संपल्यावर ठेकेदारानं त्यातल्या काही फळ्या दगडूभाईंना देऊन टाकल्या. त्यांनी सात फळ्यांचा दिवाण केला. गाठवाली फळी मधोमध. पिरू त्या दिवाणावर वाढला, त्यावर बसून अभ्यास केला, लग्न झाल्यावर त्याची बायको जहिरा त्याच दिवाणावर बसून मेथी निवडायची. एकदा पिरू मला म्हणाला होता, ‘‘फळीवरची गाठ आणि भिंतीवरची गाठ उलटी हाय एकमेकीला. निगेटिव्ह आणि प्रिंट असतंय ना, तसं. आमच्या घरात फोटोचा धंदा अब्बांनीच सुरू केला म्हण.’’

दगडूभाई शहाण्णव साली गेले. जाण्याआधी पिरूला एवढंच म्हणाले की माझ्यावर माझ्याच फळ्या घाला. मुसलमानांत कबरीत मय्यत ठेवली की वरून आडव्या फळ्या लावतात आणि मग माती लोटतात. पिरूनं रातोरात दिवाण सोडवला. सहा फळ्या मधून कापून बारा तुकडे झाले आणि ते कबरीला बरोबर पुरले. मी तिथे होतो. तीन मुठी माती मीही टाकली. लाकडावर माती पडल्याचा आवाज मला आजही आठवतो. त्यानंतर पिरूसाठी वडील उरले ते त्या दक्षिणेच्या भिंतीवर.

त्यानं त्या भिंतीचे किती फोटो काढले असतील याचा हिशेब नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळचं ऊन त्या भिंतीला नुसतं घासून जातं. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं प्रत्येक रेषेच्या कडेला सावली धरते आणि सगळ्या फळ्या वर येतात. गाठ तर अशी उठून दिसते की वाटतं, आत्ताच कुणी ठोकून गेलंय. पिरू वर्षभर त्या आठवड्याची वाट बघायचा. एका मार्चला त्याला ताप होता, तरी जहिरानं धरून आणलं होतं.

एकदा तो मुंबईलाही जाऊन आला. त्याच आर्किटेक्ट साहेबांची समुद्राकाठची एक इमारत बघायची होती. दोन दिवस हिंडला. वॉचमननं हाकललं, मग समोरच्या कठड्यावर बसून लांबून फोटो घेतले. परत आला तो हिरमुसून. तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं आतलं लोखंड गंजवलं होतं, छज्जे फुगले होते, आणि लोकांनी सगळ्यावर गुळगुळीत टाइल्स चिकटवल्या होत्या. ‘‘ओळखलीच न्हाई मी. नंबर विचारून खात्री केली,’’ म्हणाला. मग लगेच, ‘‘आपल्याकडची हवा कोरडी हाय. आपलं शंभर वर्षं टिकतंय बघ.’’

आता माझा भाग सांगतो. सांगायला जड जातंय.

सभागृहाचं एक विश्वस्त मंडळ आहे आणि त्याचा चिटणीस मी. दोन वर्षांपूर्वी छत एका कोपऱ्यात गळायला लागलं. दुरुस्तीला मदत मिळवायची तर इमारत तपासल्याचा अहवाल लागतो, म्हणून आम्ही नगरच्या एका सल्लागार कंपनीला पत्र धाडलं. कंपनीनं आधी इमारतीचे फोटो मागवले. आमचे अध्यक्ष बजरंगअण्णा म्हणाले, मोबाईलवर काढा चार आणि द्या पाठवून. मला ते पटेना. घरात असा कलावंत असताना मोबाईल कशाला? मी पिरूला म्हणालो, तुझे सगळ्यात चांगले बारा फोटो दे. तो एवढा खूश झाला की दोन दिवस निवडत बसला. बाराही मार्चमधले, सकाळच्या उन्हातले. मी मोठ्या अभिमानानं पाठवले. सोबत एका ओळीचा खुलासासुद्धा लिहिला नाही.

कंपनीतलं कुणी इकडे फिरकलंच नाही. महिनाभरानं अहवाल आला. ‘दक्षिणेकडील भिंतीवर दर सहा इंचांवर समांतर आडवे तडे. इमारत वापरास धोकादायक.’ सोबत पिरूचेच फोटो, त्यावर लाल बाण. सातव्या फोटोत बाण बरोबर गाठीवर, आणि खाली लिहिलेलं : ‘गंभीर इजा.’

मी आधी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, एक फोन केला की मिटलं. पण फोनवर उत्तर मिळालं की लेखी अर्ज करा, आणि तोवर बजरंगअण्णांच्या हातात कागद पडला होता. अण्णा माणूस वाईट नाही. पण त्यांच्या डोक्यात कधीपासून एसी मंगल कार्यालय आणि खाली गाळे घोळत होते. तिसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप लागलं, ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागली आणि पाडायचा ठराव घेण्यासाठी पंधरा दिवसांनी सभा लागली.

पिरूला हे मीच जाऊन सांगितलं. अहवाल त्याच्या पुढ्यात ठेवला. तो पानं उलटत राहिला. सातव्या फोटोवर थांबला.

‘‘माझेच फोटो,’’ एवढंच म्हणाला.

‘‘चूक माझी आहे, पिरू. मी चार ओळी लिहायला हव्या होत्या.’’

‘‘न्हाई. तिरकं ऊन घेतलं की ओरखडासुदिक दरी दिसतो. मला ठावं हुतं ते. फोटोवाला मी हाय, तू न्हाईस.’’

दुसऱ्या दिवशी त्याचं शटर उघडलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी जहिरा आमच्या दारात उभी. ‘‘भाऊजी, ते जेवत न्हाईत. नुसतं म्हणतात, अब्बांचं घर मी पाडलं. तुमी तरी बोला काही.’’ मला स्वतःचंच तोंड आरशात बघवत नव्हतं. तरी गेलो. पिरू दिवाण गेल्यानंतर घेतलेल्या लोखंडी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी चिडलो. म्हणालो, ‘‘रडत बसायचं असलं तर बस. सभेला अकरा दिवस आहेत. तुझ्या फोटोनं झालं ना? मग तुझ्या फोटोनंच निस्तर.’’

तो उठून बसला. खिडकीतून ऊन बघितलं आणि म्हणाला, ‘‘दुपारी बाराला काढावं लागंल. ढगाळ असलं तर बेस्ट.’’

त्या दुपारी मी त्याच्या शेजारी उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा पिरूनं मुद्दाम वाईट फोटो काढले. सपाट उजेड, सावली कुठेच नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत दाखवली तर नुसता राखाडी कागद. एक रेष नाही की गाठ नाही. ‘‘बघ, किती तंदुरुस्त दिसतीय,’’ तो म्हणाला आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

दोन्ही गठ्ठे घेऊन आम्ही नगरला गेलो. अहवालावर सही असलेली इंजिनिअर सृष्टी नावाची मुलगी निघाली, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिनं सकाळचा फोटो आणि दुपारचा फोटो शेजारी-शेजारी ठेवले आणि तिचे कान लाल झाले. ‘‘सर, साइटवर न येता लिहायला नको होतं मी,’’ म्हणाली. पोरगी सरळ होती. दोन दिवसांनी स्वतः आली, हातोडी ठोकून, यंत्र लावून अख्खी इमारत तपासली. दगडूभाईंच्या रेषांवरून बोट फिरवत राहिली. ‘‘हे इतकं सरळ कसं ठोकलं असेल?’’ पिरूनं तिला दगडूभाई कसे गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून फळी जोखायचे ते करून दाखवलं. त्या दिवशी तो जेवला.

पण तपासणीत एक खरी गोष्टही निघाली. त्या काळात लोखंडावर काँक्रीटचा थर कमी ठेवत. दक्षिणेच्या भिंतीत सळया अगदी वरच्या अंगाला होत्या, आणि तीन-चार ठिकाणी गंज धरू लागला होता. भिंत भक्कम, तडा एकही नाही, पण अशीच उघडी ठेवली तर पुढच्या वीस वर्षांत फुगेल. सृष्टीनं दोन उपाय लिहिले. तेवढ्या जागा खोदून, तसल्याच फळ्यांचा साचा करून, एकेक डाग बुजवायचा. नाहीतर सगळ्या भिंतीला जाड प्लास्टर. पहिल्या उपायाला तसा मिस्त्री हवा. आम्ही तिघांनी सगळीकडे चौकशी केली. आता सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा असतात. फळीवरचा माणूस कोपरगावात नाही, नेवाशात नाही, नगरातही सापडला नाही.

सभा भरली ती सभागृहासमोरच्या पटांगणात, कडुनिंबाखाली. शंभरेक माणसं होती. गाळे मिळतील या आशेनं आलेली पुष्कळ. सृष्टीनं स्वतःची चूक सगळ्यांसमोर कबूल केली, याचं मला कौतुक वाटलं. मग पिरू उठला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही. हातातला फोटो उलटा धरून त्यानं दगडूभाईंची, फळ्यांची, छताच्या घड्यांची गोष्ट सांगितली. मधेच अडला. पण मागून एक म्हातारी ओरडली, ‘‘माझं लगीन हितंच लागलंय, पाडायचं कशाला?’’ आणि सभेचा रंग पालटला.

बजरंगअण्णांनी वारा ओळखला. उठून म्हणाले, ‘‘ठीक हाय. पाडत न्हाई. पर पोरंबाळं खाली बसणार, उद्या खपली डोक्यात पडली तर मला जोडे खायचे न्हाईत. एक तर पाडू, न्हाईतर प्लास्टर करू. तसंच उघडं ठिवणार न्हाई.’’ मग ते पिरूकडे वळले. ‘‘पीरभाई, तुमच्या बापाची भिंत हाय. दिसली पायजे का राहिली पायजे, तुमीच सांगा. तुमी म्हनाल ते.’’

सगळे पिरूकडे बघायला लागले. तो भिंतीकडे बघत होता. मला वाटलं आता हा भांडेल, थोडा वेळ मागेल. मी उठणारच होतो.

‘‘राहू द्या,’’ पिरू म्हणाला. ‘‘प्लास्टर करा.’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. येताना मी त्याची समजूत घालत होतो. म्हटलं, ‘‘झाकलं तरी आत आहेच की रे. रेषा कुठं जातात? उद्या कुणाला सुचलं तर वरचा थर काढता येईल.’’ चालता चालता त्यानं नुसती मान हलवली.

काम लागलं त्या सकाळी मला घरापर्यंत ठोक्यांचा आवाज आला. प्लास्टरला कसले ठोके म्हणून गेलो. परातीत सिमेंट कालवलेलं असेल असं वाटलं होतं. तिथे बांबूच्या परांचीवर चार माणसं बसली होती, हातात छिन्नी-हातोडी, आणि अख्ख्या दक्षिणेच्या भिंतीवर दाटीनं खड्डे पाडत होती. रेषा गेल्या होत्या. सिमेंटचे कपचे खाली पडत होते. मी ओरडलो, ‘‘अरे, हे काय चाललंय? प्लास्टर ठरलंय ना?’’

त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला, ‘‘मास्तर, जुन्या काँक्रिटला आधी टाचे मारावे लागतात. त्याबिगर प्लास्टर धरत न्हाई. गुळगुळीत असली तर वरचा थर निघून येतो सगळा.’’ आणि त्यानं छिन्नी गाठीच्या मधोमध टेकवली. ती जागा सगळ्यात गुळगुळीत होती.

मी तिथून जवळजवळ पळत दुकानाकडे गेलो. शटर उघडं होतं. पिरू एका कॉलेजच्या पोराचा फोटो काढत होता. पोरगा स्टुलावर बसला, पिरूनं बटण दाबलं, प्रिंट काढली, कापली, पाकिटात घातली. दिव्याला हात लावला नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पोरगा गेल्यावर मी म्हणालो, ‘‘टाचे मारतायत, पिरू.’’

‘‘व्हय. आज मंगळवार. आजच यायचे हुते.’’

‘‘तुला माहीत होतं? सभेत ‘प्लास्टर करा’ म्हणालास तेव्हा?’’

‘‘सेंट्रिंगवाल्याचा पोरगा हाय मी,’’ तो म्हणाला. ‘‘छत अब्बांचं हाय, जाळी अब्बांची हाय, छज्जा हाय. एक भिंत दिली.’’

रडू फुटलं ते मला, त्याला नाही. त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि आत जाऊन जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन आला. चादर सोडली. फळी होती. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, मधोमध गाठ. दिवाणाची सातवी. दफनाच्या वेळी बारा तुकडे पुरले म्हणून मागे राहिलेली. गेली अठ्ठावीस वर्षं ती कपाटामागे होती आणि मला त्यानं कधी दाखवली नव्हती.

मी गाठीवरून हात फिरवला. भिंतीवरची हाताला गुळगुळीत लागायची, ही खरखरीत होती. म्हणालो, ‘‘अरे, ही दुकानात लाव. समोर, सगळ्यांना दिसेल अशी. किंवा सभागृहात काचेत ठेवू, मी ठराव आणतो.’’

‘‘न्हाई,’’ पिरू म्हणाला आणि चादर परत गुंडाळायला लागला. ‘‘ही माझ्यावर घालायची हाय. बाकीच्या कसल्याबी चालतील, बाजारातल्या. हिची दोन्ही टोकं कापायची आणि गाठीचा मधला तुकडा छातीवर येईल असा लावायचा. जहिराला सांगून ठेवलंय, पर बाया कब्रस्तानात येत न्हाईत. तू येशील. तू ध्यानात ठेव.’’

दारात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो आणि स्टुलावरून उठलो.